धम्मयात्रा : वंदन आणि वहीचे दान





दरवर्षी वर्षावास संपत आला, की आपल्या विहाराच्या फळ्यावर एक सूचना लागते : ‘धम्मयात्रेसाठी नावे नोंदवावीत.’ दोन-तीन दिवसांत यादी भरते. सर्वांत आधी नावे येतात ती ज्येष्ठ उपासिकांची. कुणी पेन्शनमधून, कुणी घरकामाच्या पगारातून महिन्याला थोडे थोडे बाजूला टाकलेले असते. ‘एकदा डोळ्यांनी बोधगया पाहिली म्हणजे झाले,’ एवढीच त्यांची इच्छा असते.

काही वर्षांपूर्वी अशाच नियोजनाच्या सभेत महाविद्यालयात शिकणारा एक तरुण उभा राहिला. त्याने विचारले, “बाबासाहेबांनी आपल्याला जत्रा-यात्रा, नवस-सायास यांतून बाहेर काढले. आता काशी-पंढरपूर सोडून आपण सारनाथ-बोधगया धरले, तर फरक काय पडला?” सभेत क्षणभर कुणी बोलले नाही. मग एकदोघांनी त्याला ‘बस खाली’ म्हणून बसवले. मुलगा बसला, पण त्याचा प्रश्न आमच्या मनात उभाच राहिला. त्यानंतर आमच्या मंडळाने तीन धम्मयात्रा केल्या. पहिल्या यात्रेत आमच्या हातून चूक झाली, दुसरीत ती थोडी दुरुस्त झाली, तिसरीत थोडे शहाणपण आले. त्या अनुभवाला ग्रंथांतल्या वचनांची जोड देऊन त्या तरुणाच्या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा हा प्रयत्न आहे.

यात्रा कशासाठी?

दीघनिकायातील महापरिनिब्बाण सुत्तात चार स्थळांचा उल्लेख आहे. तथागतांचा जन्म झाला ती लुंबिनी, सम्यक् संबोधी प्राप्त झाली ती बोधगया, धम्मचक्र प्रवर्तित झाले ते सारनाथ आणि महापरिनिर्वाण झाले ती कुशीनारा. श्रद्धावान माणसाने ही स्थळे पाहावीत, ती पाहून त्याच्या मनात संवेग उत्पन्न व्हावा, असे भगवंतांनी आनंदाला सांगितले. संवेग म्हणजे मन हलणे, आयुष्य असेच वाया चालले आहे याची जाणीव होऊन जागे होणे. तेथे स्नानाने पाप धुतले जाईल किंवा मनातली इच्छा पूर्ण होईल, असे कुठेही म्हटलेले नाही. उलट थेरीगाथेत पुण्णा नावाच्या दासीची कथा आहे. कडाक्याच्या थंडीत नदीत बुडी मारून पाप धुऊ पाहणाऱ्या ब्राह्मणाला ती विचारते, की पाण्याने शुद्धी होत असेल तर पाण्यातले बेडूक आणि कासवे आधी स्वर्गात जातील, नाही का? एका दासीने विचारलेला हा प्रश्न थेरींच्या वाणीत जपून ठेवणारा धम्म आंधळ्या तीर्थयात्रेचा पुरस्कर्ता कसा असेल?

त्याच महापरिनिब्बाण सुत्तात आणखी एक प्रसंग आहे आणि यात्रेला निघणाऱ्या प्रत्येकाने तो आधी वाचावा असे आम्हांस वाटते. कुशीनारेच्या शालवनात भगवान अखेरच्या शय्येवर पहुडले आहेत. ऋतू नसताना शालवृक्ष फुलले आहेत आणि फुले त्यांच्या देहावर पडत आहेत. तेव्हा भगवान आनंदाला सांगतात, की तथागताचा खरा सन्मान अशा फुलांनी होत नाही. जो भिक्खू, भिक्खुणी, उपासक वा उपासिका धम्माप्रमाणे आचरण करते, तीच व्यक्ती तथागताची श्रेष्ठ पूजा करते. पुढे बौद्ध परंपरेत यालाच आमिसपूजा आणि प्रतिपत्तिपूजा अशी दोन नावे पडली. फुले, दीप, धूप अर्पण करणे ही आमिसपूजा आणि आचरण ही प्रतिपत्तिपूजा.

लक्षात घ्या, चार स्थळे पाहावीत हे सांगणारे आणि फुलांपेक्षा आचरण मोठे हे सांगणारे सुत्त एकच आहे. म्हणजे स्थळदर्शन नाकारलेले नाही, पण ते अर्धे काम आहे. उरलेले अर्धे आचरणाने पुरे करायचे आहे.

सम्राट अशोकाची धम्मयात्रा

‘धम्मयात्रा’ हा शब्द आपण सहज वापरतो. तो सम्राट अशोकाच्या शिलालेखांत आलेला आहे. आठव्या शिलालेखात अशोक सांगतो, की पूर्वीचे राजे विहारयात्रेला जात. या विहाराचा आपल्या विहाराशी संबंध नाही, विहारयात्रा म्हणजे शिकार आणि मौजमजा यांची सहल. अशोकाने राज्याभिषेकाला दहा वर्षे झाल्यावर संबोधीची, म्हणजे बोधगयेची यात्रा केली आणि तेव्हापासून विहारयात्रेच्या जागी धम्मयात्रा सुरू झाली. धम्मयात्रेत काय काय होते, तेही त्याने लिहून ठेवले आहे. श्रमण-ब्राह्मणांची भेट आणि त्यांना दान, वृद्धांची भेट आणि त्यांना धनाचे साहाय्य, खेड्यापाड्यांतील लोकांची भेट, त्यांना धम्माचा उपदेश आणि त्यांच्याशी धम्माची चर्चा.

या यादीत वास्तूंचा, मूर्तींचा उल्लेख नाही. यादी माणसांची आहे. साधू, वृद्ध आणि खेड्यातले साधे लोक.

आपल्याला अभिमान वाटावा अशी गोष्ट म्हणजे याच आठव्या शिलालेखाचा एक तुकडा आपल्या महाराष्ट्रात, नालासोपाऱ्याजवळ सापडला. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तो उजेडात आणला. त्याच वर्षी सोपाऱ्याच्या स्तूपाचे उत्खननही झाले. तो तुकडा आज मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. लोकलने विरारकडे जाणाऱ्या आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे, की धम्मयात्रा कशी करावी हे सांगणारा दगड याच वाटेवर मिळाला?

लुंबिनीचा स्तंभलेख याहूनही बोलका आहे. राज्याभिषेकाला वीस वर्षे झाल्यावर अशोक स्वतः लुंबिनीला गेला, तेथे त्याने वंदन केले, स्तंभ उभारला. आणि तेवढ्यावर न थांबता लुंबिनी गावाचा ‘बलि’ हा कर माफ केला आणि जमिनीच्या उत्पन्नावरील राजाचा हिस्सा कमी करून आठव्या भागावर आणला. यात्रा राजाची झाली आणि दिलासा गावातल्या शेतकऱ्याला मिळाला. वंदन आणि लोकांचे कल्याण ही दोन्ही कामे एकाच स्तंभावर कोरली गेली. आमच्या मते धम्मयात्रेची याहून चांगली व्याख्या नाही.

बाबासाहेबांचा मार्ग

बाबासाहेबही आयुष्याच्या अखेरच्या महिन्यांत या स्थळांना गेले होते. नोव्हेंबर १९५६ मध्ये काठमांडू येथे जागतिक बौद्ध भ्रातृसंघाची चौथी परिषद झाली. त्यानंतर परतीच्या प्रवासात त्यांनी सारनाथ आणि कुशीनगर येथे भेट दिली. प्रकृती साथ देत नव्हती तरी ते गेले. तेव्हा स्थळदर्शन बाबासाहेबांना अमान्य होते असे म्हणता येणार नाही.

पण त्यांची पूजा कोणती होती? १९४५ मध्ये त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. १९४६ मध्ये मुंबईत महाविद्यालय काढले, त्याला नाव दिले सिद्धार्थ. १९५० मध्ये औरंगाबादला, आजच्या छत्रपती संभाजीनगरला महाविद्यालय काढले, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय झाले. धर्मांतराच्या कितीतरी आधी बाबासाहेबांनी भगवंतांचे नाव शाळा-महाविद्यालयाच्या दारावर लिहिले. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात दीक्षा झाली आणि दुसऱ्या दिवशीच्या भाषणात त्यांनी धम्मकार्यासाठी प्रत्येकाने आपल्या मिळकतीचा विसावा भाग देण्याचा निश्चय करावा असे आवाहन केले.

गेल्या काही वर्षांत ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर हार-फुले-मेणबत्त्यांऐवजी ‘एक वही, एक पेन’ आणण्याचे आवाहन होऊ लागले आहे. जमा झालेले साहित्य गरजू विद्यार्थ्यांकडे जाते. आमिसपूजेला प्रतिपत्तिपूजेकडे वळवणारा हा आपल्या काळातला सुंदर प्रयत्न आहे. त्यापासून प्रेरणा घेऊनच आम्ही ठरवले, की आपल्या धम्मयात्रेतही बोधगयेच्या परिसरातील शाळकरी मुलांना वह्यांचे दान करायचे.

आमची पहिली यात्रा आणि आमची चूक

पहिल्या यात्रेत आम्ही बेचाळीस जण होतो. सहाशे वह्या मुंबईतच छापून घेतल्या. मुखपृष्ठावर भगवंतांचे चित्र, मलपृष्ठावर मंडळाचे नाव आणि कार्यकारिणीचे फोटो. फोटो कुणाचा आधी यावा यावर बराच वाद झाला. सगळा मजकूर अर्थातच मराठीत होता. बोधगयेची मुले हिंदी वाचतात, हे त्या वादात कुणाच्याही ध्यानात आले नाही. वह्यांचे गठ्ठे रेल्वेच्या डब्यात सीटखाली कोंबून, रात्रभर त्यांच्यावर पाय ठेवून आम्ही गयेला उतरलो.

डिसेंबरची अखेर होती. आम्ही ज्या शाळेचे नाव ऐकून गेलो होतो, तिला कुलूप होते. बिहारमध्ये थंडीची लाट आली की प्रशासन शाळा बंद ठेवते, हे आम्हांस ठाऊक नव्हते. आधी पत्र पाठवून विचारले असते तर कळले असते. परतीची तिकिटे काढलेली, गठ्ठे परत न्यायचे तरी कसे? मग ठरले, की महाविहाराच्या रस्त्यावरच वाटप करावे.

पहिला गठ्ठा सुटला आणि पाच मिनिटांत गर्दी झाली. लहान मुले, मोठी मुले, काही बायाबापड्या. ‘रांग लावा, रांग लावा’ म्हणून आम्ही ओरडत होतो. मोठी मुले दोनदोनदा हात पुढे करीत होती आणि लहान मागे रेटली जात होती. त्या ढकलाढकलीत सहा-सात वर्षांची एक मुलगी पडली आणि तिचा गुडघा फुटला. भगवंतांचे चित्र असलेल्या वह्या लोकांच्या पायाखाली आल्या. आमच्यातील एका उपासिकेने त्या मुलीला नळावर नेऊन गुडघा धुतला, आपल्या पदराने पुसला. तेवढे एकच काम त्या सकाळी नीट झाले असे आता वाटते. आमच्यापैकी एक जण मात्र फोटो काढतच राहिला, कारण अहवालाला फोटो हवे होते.

संध्याकाळी फिरायला निघालो तेव्हा एका टपरीवर आमच्याच वह्यांची चळत दिसली. मुलांनी त्या पाच-पाच रुपयांना विकल्या होत्या. एक जण चिडून म्हणाला, “ही मुले अशीच! यांना द्यायचे तरी कशाला?” त्यावर आमच्यासोबतचे एक वयोवृद्ध आजोबा शांतपणे म्हणाले, “त्याला वहीपेक्षा पाच रुपयांची गरज असेल. आपण विचारले कुठे?”

परतीच्या गाडीत कुणी फारसे बोलत नव्हते. अलाहाबाद, म्हणजे आजचे प्रयागराज, मागे पडल्यावर एकाने आपल्या शाळेची आठवण काढली. वर्गात गुरुजी यायचे आणि मोठ्याने म्हणायचे, “सवलतीची मुले उभी राहा.” मग अर्धा वर्ग बसलेला आणि आपण चार-सहा जण उभे. सगळ्यांच्या नजरा आपल्यावर. हे ऐकताच दुसऱ्याला आठवले, तिसऱ्याला आठवले. कुणाला गणवेश मिळाला होता तो गावच्या पुढाऱ्याच्या हस्ते, सगळ्या शाळेसमोर, आणि तो अंगात घातला की मुले त्या पुढाऱ्याच्या नावाने हाक मारत. कुणी शिष्यवृत्तीच्या सहीसाठी ऑफिसच्या दाराशी दिवसदिवस उभे राहिलेले. त्या मदतीमुळेच आम्ही शिकलो, आज बँकेत, पोस्टात, महापालिकेत नोकरीला आहोत, हे खरे. पण ती मदत घेताना मान खाली गेली होती, हेही तितकेच खरे. आणि त्याच आम्ही परमुलखातल्या मुलांना रस्त्यावर हात पसरायला लावून आलो होतो.

सत्पुरुषाचे दान

त्यानंतरच्या वर्षावासात आम्ही विहारात दानाचा अभ्यास करायचे ठरवले. अंगुत्तरनिकायाच्या पंचकनिपातात सप्पुरिसदान सुत्त आहे. सत्पुरुषाचे दान कसे असते, याची पाच लक्षणे त्यात सांगितली आहेत. एकेक लक्षण वाचताना आमचीच चूक समोर उभी राहत गेली. ती येथे क्रमाने मांडतो.

पहिले, सद्धाय : श्रद्धेने दिलेले दान. श्रद्धा म्हणजे आपल्या कृतीच्या परिणामावर असलेला डोळस विश्वास. एक वही एका मुलाचे शिक्षण पुढे नेऊ शकते हा विश्वास असेल, तर ती वही कुणाच्या हाती पडते याची काळजी आपोआप घेतली जाते. आमचा विश्वास त्या दिवशी गठ्ठे संपवण्यावर होता.

दुसरे, सक्कच्चं : आदराने दिलेले दान. हे आम्हांस सर्वांत जास्त लागले. वस्तू उत्तम असली तरी फेकल्यासारखी दिली, तर ते सत्पुरुषाचे दान राहत नाही. घेणाऱ्याचा मान राखणे हा दानाचाच भाग आहे, वरून दिलेली सवलत नव्हे. लाचार होऊ नका हे बाबासाहेबांनी आपल्याला शिकवले. मग दुसऱ्यालाही लाचार करू नका, हे त्यातच आले.

तिसरे, कालेन : योग्य वेळी दिलेले दान. बोधगयेजवळच सुजातेचे गाव आहे, स्तूपही आहे. कठोर तपश्चर्येने कृश झालेल्या सिद्धार्थाला सुजातेने खीर दिली. ती खीर त्या वेळी मिळाली म्हणून तिचे मोल. पोटात अन्न गेले, शरीरात बळ आले आणि मग चिंतन झाले. उपाशी पोटी अभ्यास होत नाही, हे त्या कथेतून लहान मूलही समजू शकते. आम्ही मात्र शाळा बंद असताना वह्या घेऊन गेलो होतो.

चौथे, अनुग्गहितचित्त : हात आखडता न घेता, मन मोकळे ठेवून दिलेले दान. दिल्यावर ते आपले राहत नाही. मलपृष्ठावर आपले फोटो छापून दिलेली वही खरे पाहता आपण दिलेलीच नसते, तिच्यावर आपली मालकी शिल्लक असते.

पाचवे, अनुपहच्च : स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा न करता दिलेले दान. त्या मुलीचा फुटलेला गुडघा आठवला आणि येथे वाचन थोडा वेळ थांबले.

दुसरी आणि तिसरी यात्रा

दुसऱ्या यात्रेच्या चार महिने आधी आम्ही बोधगयेजवळच्या एका खेड्यातील सरकारी शाळेच्या मुख्याध्यापकांना पत्र लिहिले. ‘आम्ही काय आणावे?’ एवढेच विचारले. त्यांचे उत्तर आले, की पाठ्यपुस्तके सरकारकडून मिळतात, दुपारचे जेवणही मिळते. पण एप्रिलमध्ये सत्र सुरू होताना घेतलेल्या वह्या दिवाळीपर्यंत संपतात आणि पुढे मुले जुन्या वहीच्या समासात लिहितात. तेव्हा नोव्हेंबरमध्ये या, गणिताच्या वह्या आणि कंपासपेट्या द्या. आणि जमल्यास शाळेला भारताचा मोठा नकाशा द्या.

आम्ही नोव्हेंबरमध्ये गेलो. गठ्ठे मुंबईहून वाहून नेले नाहीत. गयेच्या बाजारातच खरेदी केली, त्यामुळे वह्या तेथील शाळेत चालणाऱ्या मिळाल्या, वाहतुकीचा खर्च वाचला आणि पैसाही तेथल्याच दुकानदाराकडे गेला. वह्यांवर कुणाचेही नाव नव्हते. वाटप वर्गातच झाले. निवडक गरजूंना उभे न करता वर्गातल्या प्रत्येक मुलाला त्याच्या जागेवर, बाईंच्या हातून वही मिळाली. आम्ही मागच्या भिंतीशी उभे होतो. भाषणे, हार-तुरे नव्हते. मुलांचे फोटो काढले नाहीत.

बोधगयेच्या आसपासच्या खेड्यांत भुइयाँ-मुसहर या भूमिहीन समाजाची वस्ती मोठी आहे. १९७८ च्या सुमारास तेथील मठाच्या ताब्यातील जमिनीसाठी या भूमिहीनांनी छात्र युवा संघर्ष वाहिनीच्या साथीने मोठा लढा दिला होता. त्या वर्गातली कित्येक मुले त्या समाजाची होती. धम्मात जे चार संग्रहधर्म सांगितले आहेत, दान, प्रिय वचन, अर्थचर्या आणि समानात्मता, त्यांतील शेवटचा आम्हांस त्या वर्गात कळला. समानात्मता म्हणजे ‘तू आणि मी एकच’ या भावनेने वागणे. ती मुले म्हणजे चाळीस वर्षांपूर्वीचे आम्हीच होतो.

आमच्यासोबत एक सेवानिवृत्त शिक्षिका होत्या. त्यांनी नवा नकाशा भिंतीवर लावून मुलांना मुंबई दाखवली आणि गया कुठे आहे ते मुलांना दाखवायला सांगितले. तेव्हा मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहून म्हणाला, “आप लोग इतनी दूर से पेड़ देखने आते हैं?”

आम्ही हसलो. पण बाई हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, “नाही बेटा, आम्ही झाड पाहायला येत नाही. त्या झाडाखाली एक माणूस बसला, त्याने स्वतःच्या डोक्याने विचार केला आणि दुःखातून बाहेर पडायचा रस्ता शोधला. आपणही विचार करू शकतो, हे आठवावे म्हणून आम्ही येतो.” हे त्यांनी आपल्या मोडक्यातोडक्या हिंदीत सांगितले, पण मुलांना कळले. आमच्या सभेतल्या त्या तरुणाचा प्रश्न आणि या मुलाचा प्रश्न मुळात एकच होता, हे आम्हांस नंतर जाणवले. मग बाईंनी विचारले, “तुम्ही कितीजण आत जाऊन आलात?” थोडेच हात वर झाले. काही मुले महाविहाराच्या दाराशी कमळे विकायला जात होती, पण आत कधी गेली नव्हती. ‘वो तो बाहर वालों का है,’ असे एक मुलगी म्हणाली.

तिच्या त्या वाक्यावरून तिसऱ्या यात्रेचे स्वरूप ठरले. त्या वेळी मुख्याध्यापकांच्या आणि पालकांच्या संमतीने, शिक्षकांसह पाचवीचा वर्ग आम्ही महाविहारात घेऊन गेलो. मोबाइल आत नेता येत नाहीत, ते बाहेरच जमा करावे लागतात. त्यामुळे फोटोंचा प्रश्नच नव्हता. बोधिवृक्षाजवळ आम्ही त्रिशरण-पंचशील घेतले. मुलांवर त्याची सक्ती केली नाही, ती शांतपणे बसून ऐकत होती. देशोदेशींचे भिक्खू, उपासक आपापल्या भाषेत सुत्तपठण करीत होते. नंतर मुलांनीच आम्हांस निरंजना नदी दाखवली. तिला ती ‘लीलाजन’ म्हणतात. पाणी कधी येते, वाळू कधी उघडी पडते, पलीकडे कुठून जाता येते, हे सगळे त्यांनी सांगितले. खेड्यापाड्यांतील लोकांची भेट आणि त्यांच्याशी चर्चा, असे अशोकाने लिहून ठेवले आहे ते बहुधा असेच असावे. त्या दिवशी शिकवले कुणी आणि शिकले कोण, हे सांगणे कठीण आहे.

पुढील यात्रेसाठी काही सूचना

या अनुभवातून काही गोष्टी आम्ही मंडळाच्या वहीत लिहून ठेवल्या आहेत. इतर मंडळांनाही त्या उपयोगी पडतील म्हणून येथे देतो.

१. दान देण्यापूर्वी शाळेला पत्र लिहून गरज विचारावी. शाळेचे सत्र, सुट्ट्या आणि परीक्षा यांची माहिती घ्यावी.

२. रस्त्यावर, विहाराच्या दाराशी वाटप करू नये. त्याने मुले शाळा सोडून रस्त्यावर येतात. मदत शाळेमार्फतच करावी.

३. संपूर्ण वर्गाला द्यावे. गरीब मुलांना वेगळे काढून उभे करू नये.

४. साहित्य शक्यतो तेथेच विकत घ्यावे. वस्तूंवर मंडळाचे किंवा व्यक्तीचे नाव टाकू नये.

५. पै-पैचा हिशेब ठेवावा आणि तो परतल्यावर विहाराच्या फळ्यावर लावावा. आमच्यापैकी काही जण रोज बँकेत दुसऱ्याच्या पैशाचा हिशेब लिहितात. दानाचा पैसा तर त्याहून जपून लिहायला हवा, कारण त्यात एखाद्या मोलकरणीची वर्षभराची बचत असते.

६. एकदा जाऊन विसरू नये. त्याच शाळेशी दरवर्षी संबंध ठेवावा.

पैसा कुठून आणायचा, असा प्रश्न नेहमी येतो. त्याचे उत्तर बाबासाहेबांच्या विसाव्या भागात आहे. समजा एका यात्रेकरूचा खर्च दहा हजार रुपये येतो, तर त्याचा विसावा भाग पाचशे रुपये. चाळीस यात्रेकरूंचे वीस हजार होतात. एका लहान शाळेच्या वह्या आणि कंपासपेट्या त्यात येऊ शकतात. वेगळी वर्गणी मागण्याची गरज नाही, देणगीदाराच्या दारात जाण्याचीही नाही.

आणि ज्यांना बोधगयेचा खर्च परवडत नाही, त्यांनी मन लहान करू नये. सोपाऱ्याचा स्तूप आहे, कान्हेरी आहे, कार्ला आहे. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी ज्या तळ्याचे पाणी प्राशन केले ते महाडचे चवदार तळे आहे. या स्थळांजवळ जिल्हा परिषदेच्या शाळा आहेत, आश्रमशाळा आहेत. एक दिवसाची धम्मयात्रा काढावी, जवळच्या शाळेतील मुलांना सोबत घ्यावे, ते स्थळ त्यांना समजावून सांगावे आणि त्यांच्याकडून त्यांच्या गावाविषयी ऐकावे. अंतर किती कापले यावर यात्रा मोठी ठरत नाही.

समारोप

तेव्हा त्या तरुणाच्या प्रश्नाला आमचे उत्तर असे आहे. पुण्य गाठीला बांधून परत येण्यासाठी काढलेली यात्रा असेल, तर फरक काहीच पडत नाही, तुझा प्रश्न खरा आहे. पण जेथे आपण वंदन करतो, त्या जागेच्या आसपास राहणाऱ्या मुलाची मान आपल्या येण्याने थोडी वर झाली, तर ती धम्मयात्रा आहे. आता तो तरुण शिक्षक झाला आहे आणि पुढच्या यात्रेच्या यादीत त्याने स्वतःहून नाव घातले आहे. मात्र नावापुढे लिहिले आहे : ‘शाळेला पत्र मी लिहीन.’

विहाराच्या फळ्यावर यंदाही सूचना लागेल. नाव नोंदवताना सोबत पाचशे रुपये आणि मोकळे मन घेऊन यावे, ही सर्व उपासक-उपासिकांना नम्र विनंती.

जयभीम! नमो बुद्धाय!